पासष्टीनंतरचा हजेरीपट

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात २०१८ च्या ऑक्टोबरात फूट पडली, ती नावावरून. आम्ही सारे १९७५ साली अलाहाबाद विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालेलो. गटाचे नाव साहजिकच ‘अलाहाबाद ७५’ असे होते. उत्तर प्रदेश सरकारने शहराचे नाव प्रयागराज केले, त्या रात्री एका सदस्याने गटाचेही नामांतर करून टाकले. सकाळी दुसऱ्याने ते पूर्ववत केले. दुपारपर्यंत हा खेळ चार वेळा झाला आणि संध्याकाळी तिघे जण गट सोडून गेले. विद्यापीठाचे नाव मात्र अलाहाबादच राहिले आहे, हा युक्तिवाद कुणालाच पटला नाही. पुढच्या वर्षी नागरिकत्व कायद्याने उरलीसुरली कसर भरून काढली. २०२० उजाडले तेव्हा गटात वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फुलांची चित्रे, एवढेच काय ते येत होते.

याचे वाईट वाटण्याचे कारण असे की, मतभेद आम्हाला नवे नव्हते. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली, ती संध्याकाळ आम्ही सिव्हिल लाइन्समधल्या कॉफी हाऊसमध्ये एकत्र काढली होती. तेव्हाही आमच्यात दोन तट होते. आवाज चढले, टेबलावर हात आपटले गेले. पण बिल एकच होते आणि ते सर्वांनी मिळून दिले. पंचेचाळीस वर्षांनी त्याच माणसांना एकमेकांशी बोलणे नकोसे झाले होते.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. ती चार तासांत लागू होणार होती. साडेदहाच्या सुमारास गटात एक प्रश्न आला : ‘घरात एकटे कोण कोण आहे?’ विचारणारा आमचा वर्गमित्र अलाहाबाद बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त होऊन कानपूरला स्थायिक झालेला. गटातील वादांत तो कधी पडला नव्हता. तासाभरात सात जणांनी उत्तर दिले. त्यांतील दोघे एकटे राहतात, हे आम्हाला त्या रात्रीपर्यंत ठाऊकही नव्हते. एकाची पत्नी सहा महिन्यांपूर्वी गेली होती आणि त्याने ते गटात कळवले नव्हते. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘इथे कुणाला सांगणार होतो?’

बँकवाल्या मित्राने एक जाड वही घेतली आणि तीत रकाने आखले : नाव, घरात आणखी कोण, शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक, रोजची औषधे, रक्तगट, मुले कुठे आहेत. आम्ही त्याची थट्टा केली, पण माहिती दिली. आठवड्याभरात, १ एप्रिल रोजी, १८६५ मध्ये स्थापन झालेली त्याची बँक इंडियन बँकेत विलीन झाली. त्यावर त्याचा संदेश आला : ‘शहराचे नाव गेले, बँकेचे गेले. आता निदान हजेरीपट तरी नीट ठेवू द्या.’

तेव्हापासून दर रविवारी पाच वाजता दूरचित्रसंवादावर आमची हजेरी सुरू झाली. विनाशुल्क सुविधेत चाळीस मिनिटे मिळत. महाविद्यालयातला तासही साधारण तेवढाच असे. विद्यापीठातील हजेरी क्रमांकानेच नावे पुकारली जात. चाळीस मिनिटांत एवढ्या माणसांचे बोलणे होणे शक्य नव्हते. पण प्रत्येकाचा चेहरा दिसत असे आणि आवाज ऐकू येत असे. नियम दोनच होते. रविवारी कुणी आलेले संदेश पुढे ढकलायचे नाहीत. आणि आमच्या विद्यार्थिदशेतला जुना रिवाज बंद : कुणी कुणाची ‘प्रॉक्सी’ लावायची नाही.

या हजेरीने एक अनपेक्षित गोष्ट घडवली. आमच्या वर्गात सहा मुली होत्या. सत्तरच्या दशकातील अलाहाबादेत त्या पुढच्या बाकावर बसत, प्राध्यापकांबरोबर वर्गात येत आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडत. आम्ही त्यांना ‘आप’ म्हणत असू, तेही दोन वर्षांत जेमतेम चार-सहा वेळा. लग्नानंतर त्यांची आडनावे बदलली, गावे बदलली. २०१५ मध्ये चाळीस वर्षांनिमित्त स्नेहमेळावा भरवला तेव्हा सहांपैकी दोघीच सापडल्या होत्या. पुरुषांचा माग नोकरीवरून लागे. यांचा कशावरून लावायचा? टाळेबंदीत त्या दोघींनी माहेरच्या ओळखींतून उरलेल्यांचा शोध सुरू केला आणि आणखी दोघी मिळाल्या. एक भोपाळला, दुसरी मुंबईत. वर्गात पहिली येऊनही पुढे संशोधन का केले नाही, हे त्यांच्यातील एकीने एका रविवारी सांगितले तेव्हा चाळीस मिनिटे कधी संपली ते कळले नाही. ‘आप’चे ‘तुम’ व्हायला आम्हाला एक महासाथ लागली.

मतभेद मिटले, असे मी म्हणणार नाही. मजुरांचे तांडे रस्त्याने चालत निघाले तेव्हा एकाने त्यांनाच दोष देणारा मजकूर टाकला. त्यावर राष्ट्रीय महामार्गालगत राहणाऱ्या दुसऱ्याने, जो एरवी त्याच्याच पक्षाचा, आपल्या फाटकासमोर काय दिसते आहे ते लिहिले. मग वाद थांबला आणि वर्गणी सुरू झाली. नामांतरावरून गेलेल्या तिघांपैकी दोघे परत आले. गटाचे नाव आता नुसते ‘७५’ आहे.

इथपर्यंतची कथा बऱ्याच वाचकांच्या ओळखीची असेल. देशभरातील असंख्य वर्गमित्रांनी त्या वर्षी एकमेकांना असेच शोधून काढले. पासष्टीपुढच्यांनी अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नये, अशी केंद्रीय गृह मंत्रालयाची सूचना होती. आमची पिढी नेमकी त्या रेषेवर उभी होती. मुले परदेशी किंवा दुसऱ्या शहरात, देशांतर्गत विमाने २५ मेपर्यंत बंद, प्रवासी रेल्वे ठप्प. अशा वेळी विशीतल्या ओळखी कामी आल्या, यात नवल नाही. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या एप्रिलविषयी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत आमच्या गटातील अकरा घरांत करोना शिरला. आमच्यापैकी बहुतेकांना मार्चपासून लशीची एक मात्रा मिळाली होती. ती पुरेशी नव्हती. उत्तर प्रदेशातील एका मोठ्या शहरात राहणाऱ्या मित्राची प्राणवायूची पातळी ८४ वर आली. मुलगा टोरांटोत, घरात फक्त पत्नी. तिने वहीतल्या क्रमांकावर फोन केला आणि यंत्रणा हलली. दिल्लीतील निवृत्त सनदी अधिकारी वर्गमित्राने एकेकाळी त्याच्या हाताखाली काम केलेल्या अधिकाऱ्याला गाठले. बँकवाल्याच्या एका जुन्या खातेदाराचे लोखंडाचे दुकान होते, त्याने प्राणवायूचे सिलिंडर दिले. रात्री अडीच वाजता एका खासगी रुग्णालयात खाट मिळाली. रेमडेसिविरसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून दीड दिवस फोन केले. त्या औषधाची शिफारस करता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरातच सांगितले होते, हे आमच्यातील एकालाही माहीत नव्हते. मित्र वाचला.

सगळे वाचले नाहीत. त्या महिन्यातल्या एका रविवारी हजेरी क्रमांक २३ पुकारला गेला, पडद्यावर चौकट उघडली आणि वडिलांच्या जागी मुलगा बसलेला दिसला. ‘बाबूजींनी सांगितले होते, रविवारी पाच वाजता कळव म्हणून,’ एवढेच तो म्हणाला. मे महिना संपेपर्यंत आम्ही चार जण गमावले.

त्या दिवसांत आम्हाला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे कबूल केले पाहिजे. ज्याला ती खाट मिळवून देण्यात सर्वांत मोठा वाटा होता, त्या सनदी अधिकाऱ्यानेच जूनमध्ये तो अभिमान उतरवला. तो म्हणाला, ‘मी चौतीस वर्षे नोकरी केली. रांग मोडून कुणाला आत घेऊ नका, असे हाताखालच्यांना सांगत आलो. त्या रात्री मी रांग मोडली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. पण ती खाट त्या रात्री कुणाच्या वाट्याची होती, हा विचार काही जात नाही.’

त्याच सुमारास मुंबईतील वर्गभगिनीचा अनुभव आम्ही ऐकला. ती विधवा, उपनगरात एकटी राहणारी. तिचा चाचणी अहवाल आला तो आधी महापालिकेकडे. तिने आम्हाला कळवण्यापूर्वीच तिच्या विभागाच्या ‘वॉर रूम’मधून एका तरुण डॉक्टरचा फोन आला. त्याने मराठीमिश्रित हिंदीत वय, आजार, प्राणवायूची पातळी, घरात कोण आहे, हे विचारून घेतले, रोज फोन केला आणि चौथ्या दिवशी पातळी घसरल्यावर खाट दिली. मुंबईत २४ प्रशासकीय विभागांत अशा ‘वॉर रूम’ २०२० च्या जूनपासून चालू होत्या. खाटांचे वाटप तिथून होत असे. दुसऱ्या लाटेत तिथेही तासन्‌तास थांबावे लागले, फोन लागले नाहीत, माणसे दगावली. उर्वरित महाराष्ट्राने तर फार सोसले. तरीही फरक लक्षात घेण्याजोगा आहे. त्या डॉक्टरने तिला जे प्रश्न विचारले ते जवळपास आमच्या वहीतलेच रकाने होते. तिचा वर्गमित्र कोण आहे, हे मात्र त्याने विचारले नाही.

आमच्या वहीत एक ओळ रिकामी होती. हजेरी क्रमांक ३१. नावापुढे ‘संपर्क नाही’ असा शेरा. तो वर्गातला सर्वांत बुद्धिमान विद्यार्थी होता. त्याच्या टिपणांवर आमच्यापैकी निम्मे उत्तीर्ण झाले. वडील छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. घरच्या परिस्थितीमुळे तो स्पर्धा परीक्षांच्या वाटेला गेला नाही. पूर्व उत्तर प्रदेशातील एका लहान गावी इंटर कॉलेजात त्याने आयुष्यभर शिकवले. २०१५ च्या मेळाव्यासाठी त्याचा शोध घेतला होता, पण खरे सांगायचे तर फार नेटाने घेतला नव्हता. ऑगस्टमध्ये त्याच्या एका माजी विद्यार्थ्याकडून योगायोगाने कळले की, तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घरीच गेला. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता. मुलाने जिल्हा मुख्यालयापर्यंत नेऊन परत आणले. चाचणी झालीच नाही, त्यामुळे कागदोपत्री तो करोनाचा बळीही नाही. आमचा सनदी अधिकारी मित्र पूर्वी ज्या जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होता, त्या जिल्ह्याची सीमा तिथून चाळीस किलोमीटरवर आहे. एक फोन पुरला असता का, कुणास ठाऊक. तो करायचा असतो हेच आम्हाला कळले नव्हते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की, माणसांना नव्या नोकरीची वार्ता जिवलगांकडून कमी आणि दूरच्या ओळखींकडून अधिक मिळते. महाविद्यालयातला जुना मित्र हे अशा ओळखीचे त्यांनीच दिलेले उदाहरण. जिवलगांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. दूरचा परिचित वेगळ्या जगात वावरतो आणि तिथली वार्ता आणतो. आमच्या गटाने एप्रिलमध्ये हेच सिद्ध केले. मात्र निबंधाचा विषय नोकरी होता. प्राणवायूही याच मार्गाने मिळू लागतो, तेव्हा अशा ओळखी म्हणजे जमिनीसारखी मालमत्ता होते. मग ती कुणाकडे किती आहे, हे विचारावेच लागते.

आमच्या पिढीत ती फार थोड्यांकडे होती. १९७१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरतेचे प्रमाण ३४.४५ टक्के होते, स्त्रियांत ते २२ टक्क्यांच्या आसपास. ज्या देशात तीनपैकी दोघांना अक्षरओळख नव्हती, तिथे आम्ही एम.ए. करीत होतो. आजही चित्र फार पालटलेले नाही : २०१९-२० च्या सरकारी पाहणीनुसार १८ ते २३ वयोगटातील उच्च शिक्षणाचे पट नोंदणी प्रमाण २७.१ टक्के होते. म्हणजे महासाथीच्या वर्षीही बहुसंख्य तरुणांना ‘वर्गमित्र’ नावाचा हा आधार लाभणार नव्हता. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे नागरिक सुमारे १०.४ कोटी होते. आज ते बरेच अधिक आहेत. त्यांच्यातील किती जणांचे नाव कुणाच्या वहीत होते?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले की, समाजमाध्यमांवरून मदतीची याचना करणाऱ्या नागरिकांवर कारवाई केल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. तो आदेश आवश्यकच होता. पण न्यायालयाला असे सांगावे लागते यातच परिस्थितीचे वर्णन आले. नागरिकांची याचना हीच देशाची आरोग्य यंत्रणा बनली होती. पुढे ३१ मेच्या आदेशात, १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबून ठेवले तर सर्वांपर्यंत पोहोचता येणार नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही तो यंत्रणेला दिसत नाही, हा त्याचा अर्थ. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी आकडा ४.८१ लाखांचा, सरकारने संघटनेची पद्धतच अमान्य केली. या दोन आकड्यांतल्या अंतरात क्रमांक ३१ सारखी माणसे आहेत.

मग काय करता येईल? आमच्या वहीने जे केले ते सरकारी यंत्रणेला अशक्य नाही. त्यासाठी नवे मंत्रालय नको. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे त्याआधी साधी यादी हवी. केरळमध्ये टाळेबंदीच्या काळात अंगणवाडी सेविकांनी ज्येष्ठांची फोनवरून विचारपूस केली, कारण कोणत्या घरात कोण आहे हे स्थानिक स्वराज्य संस्थांना ठाऊक होते. मुंबईच्या ‘वॉर रूम’ चालल्या, कारण अहवाल आधी विभागाकडे जात होता. दोन्हीकडे माहिती खालच्या पातळीवर होती आणि फोन यंत्रणेकडून नागरिकाला जात होता. केंद्राने २०२१ मध्ये ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी सुरू केली, ती स्वागतार्हच. पण तिथे फोन वृद्धानेच करायचा आहे. आमच्यातील पत्नी गमावलेल्या मित्राने कुणालाच फोन केला नसता. प्रत्येक प्रभागात आणि ग्रामपंचायतीत साठीपुढच्यांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची नोंद असावी, ती आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे अद्ययावत राहावी आणि महिन्यातून एकदा तिकडून विचारणा व्हावी. खासगीपणाची काळजी घेऊन हे करता येते. साथ नसतानाही त्याचा उपयोग आहे.

त्याच्या जोडीला दोन लहान गोष्टी. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी महिना २०० रुपये आहे आणि दीड दशकाहून अधिक काळ तो तेवढाच आहे. इतक्या पैशांत औषधे तर सोडाच, महिनाभर फोन चालू ठेवणेही कठीण. दुसरी गोष्ट रेल्वेची. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के भाडेसवलत मिळत असे. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीचे कारण देऊन ती थांबवली गेली. गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सवलत परतली नाही. सरकार म्हणते की, रेल्वे प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटाचा मोठा भाग आधीच सोसते. असेलही. पण वृद्धांनी एकमेकांना भेटावे, यासाठी या देशाने खर्च केलेली ती फार थोड्या रकमांपैकी एक होती.

यंदा आमच्या एम.ए.ला पन्नास वर्षे झाली. थंडीत अलाहाबादेत भेटायचे ठरले आहे. लाल पेरू आलेले असतील आणि कॉफी हाऊस अजून आहे. दोघा-तिघांनी भाड्याचा विचार करून आढेवेढे घेतले, तेव्हा बाकीच्यांनी तिकिटे काढून पाठवली. क्रमांक ३१ च्या मुलालाही निमंत्रण गेले आहे. तो येतो म्हणाला. वडिलांची टिपणे त्याने जपून ठेवली आहेत.

बँकवाल्या मित्राची वही आता दुसरी चालू आहे. तीत एक नवा रकाना आला आहे : ‘आपल्या गल्लीत एकटे कोण?’ वर्गाशी ज्यांचा काही संबंध नाही, अशा शंभराहून अधिक माणसांची नावे त्यात आली आहेत. हजेरी आता शेजारपाजारीही घेतली जाते. काम मूळचे आमचे नाही; पण ज्यांचे आहे, ते ते हाती घेईपर्यंत चालू राहील. त्यांनी मागितली तर वही द्यायची आमची तयारी आहे. रकाने आखलेलेच आहेत.